ऊग्न्यसचं कार्ड

नोराआजींच्या स्वयंपाकघरात मी सहा महिने शब्द वेचत होते. आयर्लंडच्या त्या बेटावरच्या आयरिश बोलीचा आम्ही कोश करत होतो, प्रत्येक शब्दाला एक कार्ड. नियम एकच, पण कडक: शब्द आपण उच्चारायचा नाही, सांगणाऱ्याच्या तोंडून तो आपसूक यायला हवा.

सगळी कार्डं भरली, एक सोडून. 'ऊग्न्यस', पुल्लिंगी. जुना अर्थ एकांत, पुढे एकटेपणा. मराठीत एकटेपणा आपल्याला वाटतो. आयरिशमध्ये तो आपल्यावर असतो, ओल्या घोंगडीसारखा. उदाहरणाची ओळ मात्र कोरीच होती. मी आडवळणाने विषय काढायचे, हिवाळ्याचा, परदेशी गेलेल्या मुलांचा. आजी हसायच्या. शेगडीपाशी बसलेले त्यांचे यजमान, मार्तनआजोबा, मध्येच त्यांची खोडी काढायचे आणि विषय तिथेच संपायचा. एकदा ते कार्ड मी टेबलावर विसरले. आजींनी ते वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं.

मार्चमध्ये आजोबा गेले. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरसा झाकला. मी आजींच्या शेजारी जाऊन बसले. कुणाकडेच न बघता त्या म्हणाल्या, "ऊग्न्यस आहे माझ्यावर."

माझा हात नकळत खिशातल्या पेनाकडे गेला. मी तो चटकन मागे घेतला.

पण आजींनी पाहिलं होतं.

"लिही, पोरी," त्या म्हणाल्या. "सहा महिने याचीच वाट बघत होतीस ना?"