बाटल्यांची पिशवी

बाबा आलेच. नको म्हटलं तरी आले, आणि एकटे नाही, बोटीवरच्या दोघा खलाशांना घेऊन आले. पायऱ्यांवर पहिल्या रांगेत तिघे बसले, तेव्हा हातातल्या बाटलीचं झाकण लावायचं पूर्वीच्या लक्षातच राहिलं नाही. पाणी तिच्या बुटावर सांडलं.

"तुझे बाबा ना?" बाकावर शेजारी बसलेल्या प्रियंकाने विचारलं. "नाक बघ की, तुझंच."

पूर्वीने बूट झटकला. पालघरच्या मैदानावर अंतिम सामना नुकताच सुरू झाला होता आणि ती बाकावर होती. अख्खा मोसम ती बाकावरच होती. बोईसरच्या त्यांच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ या वर्षी एकही सामना हरला नव्हता आणि त्यातल्या एकाही सामन्यात पूर्वी क्षणभरसुद्धा मैदानात उतरली नव्हती.

घरी मात्र तिने वेगळंच सांगितलं होतं. पहिला सामना जिंकून ती घरी गेली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "तू किती टाकलेस गं?" त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की तिच्या तोंडून "आठ" निघून गेलं. पुढच्या खेपेला दहा झाले. मग आकडा खाली आणणं तिला जमेना. आलेवाडीच्या बंदरावर मासळी उतरवताना बाबा ते आकडे सगळ्यांना ऐकवायचे. कमलाकांतची पोर अशी, कमलाकांतची पोर तशी. जन्मभर दुसऱ्याच्या बोटीवर जाळं ओढलेल्या माणसाला ऐकवण्यासारखं दुसरं काही कधी मिळालंच नव्हतं.

आता तो माणूस तिला मैदानात शोधत होता. त्याची नजर एकेका मुलीवरून फिरली आणि शेवटी बाकावर येऊन थांबली. पूर्वीने मान खाली घातली.

मध्यंतराला दोन्ही संघ बरोबरीत होते. पूर्वी धीर करून नीलेश सरांजवळ गेली.

"सर, मला एक मिनिट उतरवा. फक्त एकच. बाबा आलेत."

सर तिच्या कानाशी वाकले. नकार इतरांना ऐकू जाऊ नये एवढी माया त्यांच्यात होती. "आज नको गं. सामना बघतेयस ना? पुढच्या वर्षी नक्की. जा, हिनाच्या पायात गोळा आलाय, तिला मीठ-साखरेचं पाणी दे. हळूहळू पी म्हणावं."

पूर्वी गेली. हिना सरावली गावची, संघातली सगळ्यांत वेगवान. तिने बाटली तोंडाला लावली आणि कपाळ पूर्वीच्या खांद्यावर टेकवलं. "यार, तू नहीं होती तो मैं यहीं मर जाती."

"हळू पी," पूर्वी म्हणाली. हिनाने मान डोलावली.

खेळ थांबला की पाचही जणी थेट पूर्वीकडे धावत यायच्या, कारण बाटल्या तिच्याकडे असायच्या. सगळ्या प्यायल्या की पुन्हा धावत सुटायच्या. ती मागे राहायची.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा संघ एका गुणाने पुढे होता. तेवढ्यात वैष्णवीला पाचवा फाउल मिळाला आणि ती बाहेर झाली. सर बाकाकडे वळले. पूर्वी उठून उभी राहिली. आपण उठलो आहोत हे तिला उठल्यावर कळलं. सरांची नजर तिच्यावर आली, अडखळली आणि पुढे सरकली.

"प्रियंका, चल."

उभी राहिलेली पूर्वी आता बसणार कशी? समोर बाबा बघत होते. तिने प्रियंकाच्या पाठीवर थाप मारली, जणू त्यासाठीच उठली होती. "जा," ती म्हणाली. मग बसली.

ते मिनिट सरलं. भोंगा वाजला. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, कोणी रडल्या, कोणी नाचल्या. पूर्वी रिकाम्या बाटल्या गोळा करत होती. मान वर केली तेव्हा बाबा समोर उभे होते. मागे दोघे खलाशी.

"खोटारडी!" बाबा म्हणाले.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"कवा? घरी म्हणं आठ टाकले, धा टाकले. एक तरी टाकलास का? एकदा पन धावली नायस तू. मी सारखा बघतोय."

पूर्वी हातातल्या रिकाम्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

"आगं बाय, धावतात, घाम गालतात ते खलाशी. आमी जन्मभर तेच केलं. मागं सुकानूवर एकच जन बसतो, बोटीचा तांडेल. तो जाल्याला हात लावत नाय. दमलं की सगले त्याच्याकडं येतात. तो उठला, पाठीवर थाप मारली की ज्याला मारली तो पुढं जातो." त्यांचा आवाज चिरकला. "तुजा मास्तर तुज्या कानात बोलतो, पोरी! माज्या घरात पयला तांडेल, आनि मना सांगितलं पन नाय!"

दोघा खलाशांनी तिच्याकडे पाहिलं. अशा नजरेने तिच्याकडे आजवर कोणीच पाहिलं नव्हतं. पूर्वीने तोंड उघडलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने तोंड मिटलं.

मग तिने रोजचं काम केलं. वाकून बाटल्यांची पिशवी उचलली.

बाबांनी ती झटकन तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तांडेल ओझं उचलत नाय."