बिनघराची धून

तिने गिटार मांडीवरून उतरवली मात्र, आणि भिंतीवर ठकठक झाली.

"झालं! ऐकलंत मास्तर? रोजचंच आहे हे. माझं वाजवून होतं आणि पलीकडून ठोकतात."

मास्तर, म्हणजे तिला गिटार शिकवणारे म्हातारबुवा, खुर्चीत रेलून चहा फुंकत होते. "वाजवून झाल्यावर?"

"हो ना. बिचारे शेवटपर्यंत दातओठ खात सोसत असणार. मग राग भिंतीवर निघतो."

हसण्यावारी नेलं खरं, पण तिचं धाबं दणाणलं होतं. घरमालकीणबाईंनी खोली देतानाच बजावलं होतं, वाजवा खुशाल, पण शेजारून एक जरी तक्रार आली तर गाशा गुंडाळायचा. गिटार चालेल अशी खोली मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते. बरं, वाजवणं बंद करावं, तर नाटक हातचं जाणार. आणि उद्या तर पहिला प्रयोग!

नाटकमंडळीत तिला सगळे साखरबाई म्हणत. पार्ट्यांतून वाजवून वाजवून तिचा हात इतका गोड झाला होता की रडण्याच्या प्रवेशालाही वाढदिवसाची कळा यायची. शेवटी दिग्दर्शक वैतागला. "अगं बाई, घर जळून गेलेला माणूस आहे तो! बघणाऱ्याला खुर्चीत चैन पडता कामा नये. जमणार असेल तर सांग, नाहीतर दुसरा वादक बघतो."

म्हणून मास्तरांनी तिला लोक्रियन ही पाश्चात्त्य संगीतातली अस्वस्थ सुरावट शिकवायला घेतली.

"सूर तेच, सारेगमपधनी," ते म्हणाले. "एकही जास्तीचा नाही. फक्त सा ला घर मानायचं नाही, नी ला मानायचं. निघायचं नीवरून, परतायचं नीवर."

"एवढंच?"

"करून तर बघ."

करून बघितल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. घरापासून पाचव्या सुरावर एरवी धून पाय रोवते. इथे तो पाचवाच अर्धी पायरी घसरलेला. नीवर परत यावं, तरी आल्यासारखं वाटेना. बोटं सवयीने सा कडे धावायची आणि सगळा डोलारा कोसळायचा.

"साथ कुणाची घेऊ नकोस," मास्तर बजावत. "मागून कोणी नुसता सा धरला तरी मेलं सगळं. हिला अधांतरीच राहू दे."

आणि एका दुपारी ती धून आली. कशी आली, तिलाही कळलं नाही. पायाखालची जमीन कोणी अलगद काढून घ्यावी तसं झालं. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर तितकाच आनंदही झाला. आपल्या या साखरेच्या हातातून असलं काही निघू शकतं?

"बाप रे," मास्तर चष्मा काढून म्हणाले. "आयुष्य गेलं माझं यात. पण हे ऐकलं की अजून हात जोडावेसे वाटतात. कुणाला, ते मला विचारू नकोस."

तालमीत तिने ती वाजवली तेव्हा पडदा ओढणारा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. दिग्दर्शकाने दुसऱ्या वादकाचा विषय पुन्हा काढला नाही.

आता मास्तरांनी कप खाली ठेवला. "जा, माफी मागून ये. उद्याचा प्रयोग होईपर्यंत सोसा म्हणावं. गोड बोलायला तुला काय शिकवायचं, साखरबाई?"

"जाते. पण गिटारला हात लावू नका हं. आगीत तेल नको."

"बरं बरं."

भिंत एकच असली तरी त्या घराचं दार मागच्या गल्लीत होतं. दार एका तरुण बाईने उघडलं. डोळे तारवटलेले, केस कसेबसे बांधलेले, खांद्यावर मुठीएवढं बाळ, आणि त्याचं रडणं थांबता थांबत नव्हतं. बाळाच्या नाकातली बारीक नळी कोपऱ्यातल्या मशीनपर्यंत गेली होती.

"मी पलीकडची..."

"आत या आधी. वारा लागतो त्याला." बाईने घाईने दार लावलं. "महिने भरायच्या आतच आला हो. श्वास पुरत नाही, म्हणून हे ऑक्सिजनचं मशीन. झोपला तरच अंग धरेल म्हणतात डॉक्टर. आणि याला झोप म्हणून नाही!"

तिने घोकून आणलेली माफी आता फारच तोकडी वाटली. या लेकराच्या कानाशी आपण रोज ते वाजवतो? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे गिटार सुरू झाली. म्हाताऱ्याला राहवलं नव्हतं!

पण हे काय? भिंतीतून अंगाई येत होती. इतकी मऊ, इतकी निवांत की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असलं काही मास्तरांनी तिला कधीच शिकवलं नव्हतं.

मग धून त्या घसरलेल्या सुरावर आली, तिथून वळून खाली उतरली, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही तिचीच धून होती. सूर न् सूर तिचा. धून नीवर येऊन थांबली, आणि कोपऱ्यातलं मशीन त्या सुरांखाली एकसारखा सा धरून घुमत होतं, मास्तरांनी टाळायला सांगितलेला तोच सा.

बाळाचं रडणं थांबलं होतं. डोळे मिटत आले होते.

गिटार बंद झाली. बाळ लगेच चुळबुळलं, ओठ काढून मुसमुसू लागलं. बाई त्याला थोपटत घाईने भिंतीपाशी गेली आणि बोटांनी ठकठक केली.

"थांबू नका हो," ती भिंतीला म्हणाली, "आणखी थोडंसं वाजवा ना."