तेजोवीराने वाचविलेली शैलजा

रविवारी सकाळी दाजीबा आणि सुमित्राबाई दूरदर्शन संचासमोर बसले. ‘तेजोवीर’ या जुन्या मालिकेचा भाग यंत्रबुद्धी आता प्रत्येक घरासाठी निराळा रचीत असे. त्या घराने ज्याला वाचविले नाही, त्याला तेजोवीर वाचवीत असे.

हुंड्यापायी सासरी जाळल्या गेलेल्या त्यांच्या शैलजेला तेजोवीराने आज ज्वाळांतून अलगद उचलले.

“अहो, बघा तरी! पोरीचा केससुद्धा जळला नाही!” सुमित्राबाईंना हुंदका आवरेना.

“माहेरी सोडू ना, ताई?” तेजोवीराने विचारले.

दाजीबा अधीर होऊन घराचे दार उघडण्यास धावले.

“माहेरी नको,” पडद्यावरील शैलजा शांतपणे म्हणाली. “दोनदा गेले होते. दोन्ही वेळा बाबांनी साडीचोळी करून परत पाठवलं.”