निवड तुझी

नवरा-बायको दोघंही गेमच्या कथा लिहायचे, पण वेगवेगळ्या कंपन्यांत, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर रोज जुंपायची. तिच्या गेममध्ये खेळणाऱ्यानं कुठलीही वाट धरली तरी शेवट एकच; त्याच्या गेममध्ये मात्र जशी निवड, तसा शेवट.

"तुमच्याकडे खेळणारा म्हणजे नुसता घाण्याचा बैल!" तो खिजवायचा.

"आणि तू? स्वतःच्या डोक्यातून एक ओळ काढशील तर शपथ!" ती म्हणायची.

खोटं नव्हतं ते. घरात करून पाहिल्याशिवाय त्याला प्रसंग लिहिताच येत नसे. भांडण लिहायचं म्हणून त्यानं तिच्याशी भांडण उकरून काढलं होतं. कैदेतली राणी लिहायची म्हणून तिला अडगळीच्या खोलीत कोंडलं होतं. हे किस्से ती मैत्रिणींना रंगवून सांगायची.

आज त्याचा नवा, अर्धवट गेम तिनं त्याच्या कॉम्प्युटरवर उघडला. गेममधला नवरा बायकोला विचारत होता, चहा की दूध? तिनं चहा निवडला. दोन घोट घेऊन बायको कोसळली. मागे जाऊन दूध निवडलं. तरी कोसळलीच.

"आला ना शेवटी माझ्याच वाटेवर!" ती गालात हसली. तेवढ्यात पडद्याखालची त्याची टीप दिसली: 'ती कोसळल्यावरचा प्रसंग अजून लिहायचाय.'

स्वयंपाकघरात कपबशी वाजली.



"अगं, चहा घेतेस की दूध?"