सातवी बरणी

"चिखल आहे," सेकोंदो म्हणाला आणि त्याने चमचा खाली ठेवला.

"चिखल तर चिखल! गिळ मुकाट्याने," त्याची बायको देल्फिना कडाडली. "सकाळपासून उभी आहे मी. पायांचे तुकडे पडले माझ्या."

बिनसाखरेच्या चॉकलेटची ही सहावी बरणी. पहिलीत कोको जास्त होऊन ती कडूजहर झाली होती. दुसरी दगडासारखी थिजली. तिसरीला शेजारच्या इर्माच्या कोंबड्यांनीसुद्धा चोच लावली नाही. चौथी-पाचवीबद्दल न बोललेलंच बरं.

जानेवारीत सेकोंदो कोर्तेमिलिया गावच्या दवाखान्यातून तोंड पाडून बाहेर आला, तेव्हापासून हे चाललं होतं. रक्तातली साखर. त्याच्या थोरल्या भावाचा पाय ह्याच साखरेपायी गुडघ्यापासून कापावा लागला होता. घरात हा शब्द मोठ्याने कुणी काढत नसे.

"बाकी सगळं सोडीन," सेकोंदोने जाहीर केलं, "पण सकाळच्या पावावरचं हेझलनटचं चॉकलेट सोडणार नाही. त्यापेक्षा मेलेलं बरं."

पन्नास वर्षं त्याच टेकडीवर हेझलनट पिकवणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

देल्फिनाने त्याच संध्याकाळी साखरेचा डबा इर्माच्या दारात नेऊन ठेवला. स्वतःसाठी चिमूटभरही ठेवली नाही. खरं तर गोडाशिवाय तिला घास उतरत नसे. कॉफीत तीन चमचे साखर, दुपारी केकचा तुकडा, आणि बरणीतलं चॉकलेट तर नुसतं चमच्याने. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तिलाही 'गोड कमी करा' म्हणून लिहून दिलं होतं. त्या कागदावर तिने भाजलेले हेझलनट गार करायला पसरले. "माझी आई नव्वद वर्षं साखर खाऊन जगली," म्हणाली.

पण तिच्या माहेरची एक रीत होती. ईस्टरच्या आधीच्या उपासात घरातल्या एकाने जे सोडलं, ते सगळ्या टेबलाने सोडायचं. सोडणाऱ्यासमोर बसून तेच खाणं म्हणजे पाप. देल्फिना देवाशी भांडे, डॉक्टरांशी भांडे, पण ही रीत तिने कधी मोडली नाही.

"आधी तू चाख," प्रत्येक बरणीला सेकोंदो म्हणे.

"का? विष कालवलंय वाटतं मी?"

"तुझी जीभ माझ्यापेक्षा खरी."

मग ती चाखे, नाक मुरडे, आणि तो लगेच म्हणे, "बघ, चिखल!"

एकदा इर्मा कुंपणावरून बोलली, "अगं, दे ना त्याला विकतची बरणी. ह्या वयात कशाला जिवाचे हाल? किती दिवस राहिलेत आता?"

"तुझ्या जिभेला काही हाड!" देल्फिना म्हणाली आणि तरातरा घरात आली. मग ओट्याला टेकून खूप रडली. त्याच्याशिवाय त्या टेकडीवर एक दिवसही काढायची तिची तयारी नव्हती.

ईस्टरच्या आठवड्यात तिने सातव्यांदा पदर खोचावा तसा ॲप्रन आवळला. ह्या वेळी घाई केली नाही. मंद आचेवर, घरभर वास सुटेपर्यंत हेझलनट भाजले. जाड फडक्यात बांधून चोळले, सालं काढली. गरम असतानाच वाटायला घेतले. आधी भुगा झाला, मग गोळा. इतके दिवस गोळा झाला की ती कोको टाकून मोकळी होत असे. ह्या वेळी वाटतच राहिली. आणि अर्ध्या तासाने गोळ्याने तेल सोडलं. मधासारखी धार पडू लागली. मग कोको, आणि मिठाची एक कणी. बस.

"आधी तू चाख," सेकोंदो म्हणाला.

तिने पावाला लावून घास घेतला. दुसरा तुकडा तोडला. तिसऱ्यासाठी हात आपोआप पुढे गेला. सेकोंदो तिच्याकडे बघत होता.

"जमलं!" तो म्हणाला.

"अरे, पण तू खाल्लंस कुठे?"

"खातो की." त्याने घाईघाईने घास तोंडात कोंबला. त्याचे डोळे भरून आले होते.

"वेडा कुठला! चॉकलेटसाठी रडतोय," देल्फिना म्हणाली, आणि तिलाही रडू आलं.

त्या दिवसापासून घरात दर आठवड्याला एक बरणी होऊ लागली.

जूनमध्ये दोघं दवाखान्यात गेली. सुईची भीती वाटते म्हणून सेकोंदो दर वेळी आधी तिला रक्त द्यायला लावी, मग स्वतः देई. निकाल ऐकायला मात्र ती कधी आत जात नसे.

"दोघांचेही कागद तूच बघ," ती म्हणाली. "माझ्या काळजाचं पाणी होतं."

ती बाहेरच्या बाकावर बसली. मांडीवर डॉक्टरीणबाईंसाठी आणलेली बरणी होती. हिवाळ्यात बूट चावून तिच्या अंगठ्याला झालेली जखम चार महिने चिघळत होती, ती आता पार बुजली होती. बूट बदलल्याचा गुण, असं ती सगळ्यांना सांगे.

आत डॉक्टरीणबाईंनी दोन पाकिटं फोडली. पहिला कागद त्यांनी दोनदा वाचला.

"साखर उतरलीय," त्या म्हणाल्या. "चांगलीच उतरलीय. आत्ता तरी गोळ्यांची गरज नाही."

"म्हणजे पाय वाचला म्हणायचा?"

"वाचला."

सेकोंदोने टोपी काढून तोंडावर धरली. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. मग डॉक्टरीणबाईंनी दुसरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तो देल्फिनाबाईंचा होता. हा तुमचा. सेकोंदो, तुम्हाला साखर नाही. कधी नव्हतीच. अजून किती वर्षं आजारी राहायचा विचार आहे?"

"ती आहे तोवर," सेकोंदो म्हणाला.