लाल पट्टी

होडी खाडीच्या मध्यावर आली तरी एलिनाची धाप ओसरली नव्हती. मालवणपासून देवबागच्या धक्क्यापर्यंत ती आणि नाझमीन चाकाला चाक लावून आल्या होत्या. एका होडीत दोघीच, असा नियम होता. बाकीच्या जणी मागे राहिल्या होत्या.

पायांशी दोघींच्या सायकली मिटून पडल्या होत्या. घडीच्या सायकली घेऊन कर्लीची खाडी ओलांडायची शर्यत ही बाबलीची कल्पना. पल्याड उतरून सायकल उघडायची, सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, चढायचा आणि घाटी उतरून निवतीचा किनारा गाठायचा. पहिली येईल तिला तो आपल्या सायकल-सहलींच्या धंद्यात बारमाही कामाला ठेवणार होता.

"ती पोराची सीट तरी काढून ठेवूची," एलिना म्हणाली. नाझमीनच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर तिच्या हमझाची छोटी खुर्ची होती.

"आणि परत बसवूक कोण येतलो? तुझो घोव?" नाझमीन हसली. "आसांदे गो. त्या सीटीसकट तुका मागे टाकतंय की नाय, बघ."

टाकणारच होती. चढावर नाझमीनला आजवर कुणी गाठलं नव्हतं.

एलिना पाण्याकडे बघत बसली. आज हरली तर सोमवारी पुन्हा गोव्यात, म्हापशाचं हॉटेल. सहा दिवस तिकडे, एक दिवस घरी. साडेतीन वर्षांची जॉयसी आता आजीलाच मम्मी म्हणायची. गेल्या रविवारी शेजारणीने विचारलं, ही कोण गो? तर पोर म्हणाली, "ही गोयची मम्मी."

होडी पल्याडच्या धक्क्याला लागली. दोघींनी सायकली वर ओढल्या आणि भराभर उघडल्या. मधल्या सांध्यावरचा दांडा ओढून घट्ट लावायचा, वरचा खटका दाबून बसवायचा. खटका नीट बसला की खाली रंगवलेली लाल पट्टी झाकली जायची. निघण्यापूर्वी एकमेकींचा खटका बघायचा आणि तसं तोंडाने सांगायचं, हा बाबलीचा दंडक. सकाळी त्याने पुन्हा बजावलं होतं, "सपाटीर काय होवचा नाय, चढावार पण कळाचा नाय. उतारार ब्रेक मारलास की सायकल मधून मिटतली, आणि तुमी तिच्याबरोबर."

नाझमीनने एलिनाच्या खटक्यावर अंगठा ठेवला, वर आणखी एकदा दाबून पाहिलं. "बसलो."

मग एलिना वाकली. नाझमीनचा खटका वरच राहिला होता. लाल पट्टी उघडी, बोटभर.

"बसलो मां गो?" नाझमीन बुटाची नाडी आवळत होती.

"बसलो," एलिना म्हणाली.

आणि ती निघाली. धक्क्याच्या टोकाशी शर्यत बघायला आलेली तिची सासू उभी होती. तिच्या हाताला धरून जॉयसी. पोरीने दोन्ही हात वर केले. "माका! माका घे!" एलिनाला या घडीला कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं. ती मान खाली घालून त्यांच्यासमोरून गेली. मागून रडण्याचा सूर आला, आणि वळणावर तोही थांबला.

चढ सुरू झाला. कुठल्याही क्षणी मागून टायरांचा आवाज येईल, नाझमीन बाजूने जाईल, जाताजाता एखादा टोमणा मारेल. आली तर सांगून टाकू, एलिनाने ठरवलं. थांब म्हणू. पण कुणीच आलं नाही. सड्यावर नुसता वारा होता आणि जांभ्यावर वाळलेलं गवत.

घाटीच्या तोंडाशी तिने ब्रेक लावला आणि वळून पाहिलं. रस्ता मोकळा. खाली उतार तीन वळणं घेत समुद्राकडे गेला होता, एका अंगाला कडा. ती अर्धा मिनिट थांबली असेल. मग ब्रेक सोडला.

निवतीच्या वाळूत लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबलीने हात हातात घेतला. "सोमवारपासून येवा मॅडम," तो म्हणाला. एलिनाने मान हलवली. तिचे डोळे घाटीवरच होते.

बऱ्याच वेळाने एक सायकल उतरताना दिसली. दुसऱ्या होडीतली सारिका होती.

"नाझमीन खंय गो?" एलिनाने विचारलं. "वाटेत दिसाक नाय?"

"ती? ती धक्क्यारच उबी आसा," सारिका पाण्याची बाटली तोंडाला लावत म्हणाली. "सायकल भितीक टेकून ठेवल्यान हा. सोडल्यान वाटता तिणा शर्यत."

एलिना मटकन वाळूत बसली. तिला हसू आलं, मग रडू आलं. काही झालं नव्हतं. कुणाला काही कळणारही नव्हतं. संध्याकाळी नाझमीनच्या घरी जायचं, सहज हात लावल्यासारखं करून तो खटका बसवून टाकायचा. आणि जॉयसीला सांगायचं, मम्मी आता रोज घरी.

लांबच्या रस्त्याने आलेली रिक्षा किनाऱ्याशी थांबली. सासू एकटीच उतरली.

"जॉयसी खंय, मांय?"

"तू बघलंस पण नाय गो तिच्याकडे. रडान रडान निळी पडली, रिक्षेत काय बसाक तयार नाय. तुझी ती नाझमीन बरी. पोरीचा रडणा बघून थांबली, शर्यतीवर पाणी सोडल्यान. पुढच्या सीटीत बसयल्यान तिका आणि घाटीन घेवन येता." सासूने पदराने मान पुसली. "मी म्हटलंय, उतार आसा गो, संबाळ. तर म्हणाली, भियां नको मांय, खटको एलिनान बघलो हा."