ताकाचा पेला

सहा वर्षांपूर्वी भिमाजींना हार्ट अटॅक आला. आठ दिवस पुण्यात आयसीयूत काढून ते मांडवगणला घरी आले. पुढच्या तपासणीला शिरूरचे डॉक्टर दोघा नवरा-बायकोला म्हणाले, "पोटातले चांगले जंतू हृदयालाही सांभाळतात, असं आता दिसायला लागलंय. दोघंही रोज घरचं ताक घेत जा."

तेव्हापासून विठाबाई रोज सकाळी ताक घुसळायच्या आणि पेला नवऱ्याच्या हातात द्यायच्या. स्वतः मात्र घोटभरही घ्यायच्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "मला न्हाई मानवत आता."

भिमाजींचे रिपोर्ट चांगले येत राहिले. गेल्या महिन्यात कांदे खुरपता खुरपता विठाबाईच वाफ्यात बसल्या जागी गेल्या. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. भिमाजींना रडूसुद्धा आलं नाही.

तेराव्याला सून शितलनं फोटोपुढं नैवेद्याचं ताट मांडलं आणि शेजारी ताकाचा पेला ठेवला. विठाबाईंची धाकटी बहीण रंगुबाई पुढं झाली. तिनं तो पेला उचलला आणि भिमाजींपुढं आणून ठेवला.

भिमाजींनी सवयीनं तोंडाला लावला. अर्धा पेला पोटात गेल्यावर त्यांनी विचारलं, "तिच्यापुढनं का उचललास गं?"

 

"नवसाला आवडीचंच सोडावं लागतं, दाजी. तुम्ही आयसीयूत व्हता तवा आक्कानं दही-ताक सोडलं, मरेस्तवर."